टोपी आहे, माणूस नाही : ‘सिटिझन’चे मुखपृष्ठ आणि रोजचा अपमान

पुस्तकपरीक्षणाची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. आशय, अभिव्यक्ती, भाषा, मर्यादा असे सारे टप्पे संपले की शेवटच्या ओळीत ‘मुखपृष्ठ समर्पक, छपाई सुबक’ असा शेरा मारून परीक्षणकार मोकळा होतो. मुखपृष्ठ कशाला समर्पक, हे त्या शेऱ्यात कधीच सांगितलेले नसते. जणू मुखपृष्ठ ही लेखकाच्या अंगावर टाकलेली शाल आहे. समारंभापुरती पांघरावयाची आणि नंतर घडी घालून ठेवावयाची. परिवर्तनवादी समीक्षेनेही ह्या बाबतीत प्रस्थापित समीक्षेचीच री ओढली आहे. वस्तुतः ज्या माणसाला त्याचे तोंड, कपडे आणि आडनाव पाहून आयुष्यभर वाचले गेले, त्याने लिहिलेल्या पुस्तकाच्या तोंडाचा विचार आपण तरी आधी करावयास हवा होता. माणूस बोलण्यापूर्वी त्याच्याविषयी निकाल दिला जातो, तसाच पुस्तक उघडण्यापूर्वी पुस्तकाविषयीही दिला जातो. म्हणून मुखपृष्ठ हा सजावटीचा प्रश्न नाही. कोण कोणाकडे कसे पाहतो, हा तो प्रश्न आहे.

ह्या लेखात एकाच मुखपृष्ठाचा विचार करावयाचा आहे. क्लॉडिया रँकिन ह्या १९६३ साली जमैकात जन्मलेल्या कृष्णवर्णीय कवयित्री. त्यांचे ‘सिटिझन : अॅन अमेरिकन लिरिक’ हे पुस्तक अमेरिकेतील ग्रेवूल्फ प्रेसने २०१४ साली प्रकाशित केले. ‘नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल’च्या पुरस्कारांत कविता आणि समीक्षा ह्या दोन्ही विभागांत एकाच वर्षी अंतिम यादीत आलेले हे पहिलेच पुस्तक, कवितेचा पुरस्कार त्याला मिळाला. पुस्तकाचा विषय आहे अमेरिकेतील काळ्या माणसाला रोज, साध्यासाध्या प्रसंगांत, बहुधा सुशिक्षित आणि सभ्य माणसांकडून सोसावा लागणारा अपमान.

मुखपृष्ठावर काय आहे? पांढरेशुभ्र कोरे पान. त्यावर एक काळसर टोपी. ही टोपी म्हणजे अमेरिकेत तरुण पोरे सर्रास घालतात त्या ‘हूडी’ नावाच्या जाड सदऱ्याला मागून जोडलेली, डोक्यावर ओढून घ्यावयाची टोपी. आपल्याकडील तान्ह्या मुलाची कुंची किंवा पावसात शेतकरी डोक्यावर घेतो ती घोंगडीची खोळ डोळ्यांसमोर आणावी. पण येथे सदरा नाही. टोपी गळ्याशी वेडीवाकडी कापून सदऱ्यापासून तोडलेली आहे. आत डोके नाही, चेहरा नाही. तरीही डोके असावे तशी ती ताठ उघडी राहिली आहे. बाजूला साध्या अक्षरांत पुस्तकाचे नाव : नागरिक.

ही टोपी पुस्तकासाठी काढलेले चित्र नव्हे. डेव्हिड हॅमन्स ह्या कृष्णवर्णीय कलावंताने १९९३ साली ‘इन द हूड’ ह्या नावाची एक कलाकृती केली. खऱ्या सदऱ्याची टोपी कापली, तिच्या कडेत तार घालून तिचे तोंड उघडे ठेवले आणि ती भिंतीवर टांगली. बस्स, एवढेच. नावात श्लेष आहे. ‘हूड’ म्हणजे टोपी आणि बोलभाषेत ‘हूड’ म्हणजे वस्तीही. दोनच वर्षांपूर्वी, मार्च १९९१ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग ह्या काळ्या माणसाला पोलिसांनी रस्त्यावर बेदम मारले होते. त्याचे चित्रीकरण जगाने पाहिले. १९९२ साली त्या खटल्यात पोलिसांना दोषी धरले गेले नाही आणि शहर पेटले. हॅमन्सची टोपी त्या काळातली.

पण २०१४ साली हे पुस्तक हाती घेणाऱ्या बहुतेक वाचकांना ही टोपी वेगळ्याच मुलाची वाटली. २६ फेब्रुवारी २०१२ रोजी फ्लोरिडातील सॅनफर्ड येथे ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र मुलगा दुकानातून खाऊ घेऊन परतत होता. अंगात हूडी होती. वस्तीवर पहारा ठेवणाऱ्या जॉर्ज झिमरमनला तो संशयास्पद वाटला आणि त्याने त्याला गोळी घालून ठार केले. जुलै २०१३ मध्ये झिमरमन निर्दोष सुटला. मधल्या काळात दूरदर्शनवरील एका प्रसिद्ध भाष्यकाराने, मुलाच्या मृत्यूला मारणाऱ्याइतकीच हूडीही जबाबदार आहे, असा निर्वाळा दिला होता! मार्च २०१२ मध्ये बॉबी रश हे कृष्णवर्णीय प्रतिनिधी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बोलत असताना कोट काढून आतली हूडी दाखवते झाले आणि टोपी डोक्यावर ओढली. सभागृहात टोपी घालण्यास मनाई असल्याच्या नियमावर बोट ठेवून त्यांना बाहेर नेण्यात आले.

वाचकाला वाटते, टोपी ट्रेव्हॉनची आहे. कळते असे की ती ट्रेव्हॉनच्या मृत्यूपूर्वी सुमारे एकोणीस वर्षे तयार होती. येथे ह्या मुखपृष्ठाचे पहिले सामर्थ्य लक्षात येते. घटना घडल्यावर घाईघाईने काढलेले चित्र घटनेबरोबर शिळे होते. हे चित्र घटनेच्या आधीच तेथे टांगलेले आहे. डोके कोणाचे यावयाचे तेवढे बाकी आहे. पुस्तकाच्या आतही असेच एक पान आहे. पोलिसांच्या अथवा वंशद्वेषाच्या हिंसेत मारल्या गेलेल्या काळ्या माणसांच्या स्मरणाचे ते पान. पुढील मुद्रणांत त्या पानावर नवी नावे वाढत गेली. खालच्या ओळींत स्मरणाचे शब्द तेवढे पुन्हापुन्हा येतात आणि फिकट होत होत पांढऱ्यात विरून जातात, पुढच्या नावांसाठी जागा राखून ठेवावी तसे. आतली नावे वाढतात, बाहेरची टोपी तीच राहते. मुखपृष्ठ आणि मजकूर ह्यांचे नाते याहून घट्ट कसे असावे?

आता ह्या पुस्तकाच्या विषयाकडे वळू. चेस्टर पिअर्स हे हार्वर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी १९७० साली ‘मायक्रोअॅग्रेशन’ हा शब्द रूढ केला. उघड मारहाण नव्हे, शिवीही नव्हे. नजर, हावभाव, स्वर, एखादे सहज टाकलेले वाक्य. एकेक प्रसंग घेतला तर तक्रार करणाराच हलका ठरावा. सारे मिळून मात्र माणसाचे शरीर आणि मन पोखरून काढतात. २००७ साली डेराल्ड विंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याचे तीन प्रकार मांडले : जाणूनबुजून केलेला वार, नकळत केलेला अपमान आणि समोरच्याचा अनुभवच खोटा ठरविणे. तिसरा प्रकार सर्वांत घातक. ‘तू उगाच मनाला लावून घेतोस,’ असे म्हणणारा स्वतःला मित्रच समजत असतो.

ह्या शब्दाला मराठीत काय म्हणावे? ‘सूक्ष्म आक्रमण’ असे भाषांतर करता येईल. पण सूक्ष्म कोणाच्या मापाने? काटा टाकणाऱ्याला लहानच दिसतो. ज्याच्या टाचेत तो मोडून राहिला आहे त्याला विचारावे. आपल्या वस्त्यांत ह्यासाठी टोमणा, खोच, बोचणी, हिणवणे असे शब्द आहेत. त्यांत मापाची भाषा नाही, दुखण्याची आहे. मी ह्या लेखात ‘रोजचा अपमान’ हाच शब्द वापरतो. कारण त्याचे खरे बळ लहानपणात नाही, रोजच्या रोज येण्यात आहे.

रँकिन यांनी हे प्रसंग स्वतःच्या आणि मित्रमैत्रिणींच्या अनुभवांतून गोळा केले आणि लहानलहान गद्यखंडांत मांडले. ‘मी’ असा शब्द वापरला नाही. ‘तू’ म्हणून सारे सांगितले. जवळची म्हणविणारी मैत्रीण तुला चुकून तिच्या घरी काम करणाऱ्या काळ्या बाईच्या नावाने हाक मारते. औषधांच्या दुकानात एक गृहस्थ रांगेत सरळ तुझ्या पुढे जाऊन उभा राहतो आणि लक्षात आणून दिल्यावर खरोखरच ओशाळून म्हणतो की तू दिसलीच नाहीस. मानसिक आघातावर उपचार करणाऱ्या बाईंशी तुझे आजवर फोनवरच बोलणे झाले आहे. ठरल्या वेळी तू त्यांच्या दारात जातेस, तर त्या दार उघडून, माझ्या आवारातून चालती हो, असे किंचाळतात. मग वेळ दिल्याचे आठवते आणि त्या वारंवार क्षमा मागतात. तू सिनेमाला गेली असताना शेजारी फोन करतो की तुझ्या घरावर कोणी धोकादायक काळा माणूस टेहळणी करतो आहे. तो असतो तुझ्या मुलाला सांभाळावयास आलेला मित्र. पोलीस येऊन जातात. आणि नंतर तूच त्या मित्राला सांगतेस की पुढच्या वेळी फोनवर बोलावयाचे तर मागच्या अंगणात बोल. हा शेवटचा प्रसंग मला विशेष वाटतो. अपमान करणाऱ्याची नजर अपमान झालेल्याच्याही डोळ्यांत कशी शिरते, हे तो दाखवितो.

ह्या प्रसंगांकडे बारकाईने पाहिले तर त्यांचे दोन गट पडतात. एका गटात काळा माणूस दिसतच नाही : रांगेतला गृहस्थ, नाव विसरणारी मैत्रीण. दुसऱ्या गटात तो दिसताक्षणी धोका म्हणून दिसतो : दारातली बाई, फोन करणारा शेजारी. वरवर पाहता ह्या परस्परविरोधी गोष्टी आहेत. एकतर तू नाहीस किंवा तू फार आहेस. पण दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे समोरच्याने चेहरा पाहिलेलाच नाही. आता पुन्हा मुखपृष्ठावरच्या टोपीकडे पाहा. आत कोणी नाही. आणि तरीही रात्री रस्त्यावर जिला पाहून माणसे वाट बदलतात तीच ही टोपी. ‘नाही’ आणि ‘धोका’ हे दोन्ही अर्थ एकाच रिकाम्या वस्तूत मावले आहेत. पुस्तकाचा सारा विचार मुखपृष्ठाने एकही प्रसंग न रंगविता सांगून टाकला. प्रभावी मुखपृष्ठाची कसोटी मी येथून घेतो. मुखपृष्ठाने पुस्तकातला प्रसंग दाखवावयाचा नसतो. पुस्तकाच्या विचाराची रचना दाखवावयाची असते.

ह्याच पुस्तकात विख्यात टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांच्यावर एक दीर्घ प्रकरण आहे. पंचांचे निर्णय, प्रेक्षकांची नजर आणि त्यांच्या संतापाची होणारी थट्टा ह्यांविषयीचे. केवळ विक्रीचाच विचार केला असता तर सेरेना यांचे छायाचित्र मुखपृष्ठावर टाकता आले असते. पुस्तक दुकानात उठून दिसले असते. पण मग वाचकाला वाटले असते की ही सेरेनाची गोष्ट आहे, माझ्याशी तिचा काय संबंध? रिकामी टोपी ही पळवाट ठेवत नाही. आतल्या ‘तू’प्रमाणेच ती वाचकाला ओढते. काळा वाचक तीत स्वतःचे किंवा भावाचे डोके पाहतो. गोरा वाचक तीत कोणाचा तरी चेहरा कल्पितो आणि आपण कोणता चेहरा कल्पिला, हे त्याचे त्याला कळते. तेथेच त्याची परीक्षा होऊन जाते, पान उलटण्यापूर्वी.

पांढऱ्या पार्श्वभूमीचेही असेच. छपाईच्या दृष्टीने पाहिले तर कोरी जागा म्हणजे काटकसर. पण ह्या पुस्तकात पांढरे हे कोरे नाही. आत ग्लेन लायगन ह्या चित्रकाराची कृती छापली आहे. लेखिका झोरा नील हर्स्टन यांच्या १९२८ सालच्या निबंधातील, शुभ्र पार्श्वभूमीवर फेकले गेल्यावर काळेपणाची तीव्र जाणीव होते अशा आशयाचे वाक्य तीत पुन्हापुन्हा उमटविलेले आहे. अक्षरे खाली खाली जाताना माखत जातात. ते पाहिल्यावर मुखपृष्ठाचा पांढरा रंग पुन्हा वाचावा लागतो. ती मोकळी जागा नाही. टोपीला चारी बाजूंनी घेरून उभा असलेला तो समाज आहे. साधा, नीटनेटका, सभ्य, आणि आपण आहोत ह्याची जाणीवही नसलेला.

दुसऱ्या पानांवर १९३० साली इंडियाना राज्यातील मॅरियन गावी दोन काळ्या तरुणांना जमावाने झाडाला टांगून मारले त्याचे प्रसिद्ध छायाचित्र आहे. पण रँकिन यांच्या पुस्तकात त्यातून टांगलेली प्रेते काढून टाकली आहेत. उरतो तो फक्त गोरा जमाव. सणाला यावे तसा आलेला, एक जण वर बोट दाखविणारा. बळीची विटंबना पुन्हा मांडावयाची नाही आणि पाहणाऱ्यांना मात्र लपू द्यावयाचे नाही, असा हा निर्णय आहे. मुखपृष्ठावर चेहरा नसणे आणि आत प्रेते नसणे ह्यांमागे एकच नीती आहे. आमची जखम तुमच्या पाहण्यासाठी नाही. तुम्ही पाहता कसे, तेच आम्ही पाहणार आहोत.

ह्याच्या उलट उदाहरणे घेतली म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. २००९ साली जस्टिन लार्बालेस्टियर ह्या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ‘लायर’ ही किशोरांसाठीची कादंबरी अमेरिकेत यावयाची होती. निवेदक मुलगी मिश्रवंशीय, आखूड कुरळ्या केसांची, स्वतःला काळी म्हणविणारी. ब्लूम्सबरी प्रकाशनाने आगाऊ प्रतींच्या मुखपृष्ठावर छापली लांब सरळ केसांची गोरी मुलगी. लेखिकेने जाहीर नाराजी व्यक्त केली, वाचक संतापले आणि प्रकाशकाला मुखपृष्ठ बदलावे लागले. लेखिकेने त्या वेळी एक गोष्ट उघड केली. काळा चेहरा असलेली पुस्तके खपत नाहीत, असे पुस्तक व्यवसायात वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे तर्कशास्त्र आपल्या ओळखीचे आहे. आधी पाणवठ्यावर येऊ द्यावयाचे नाही आणि मग म्हणावयाचे, ह्यांना पाणी भरता येत नाही.

दुसरे उदाहरण फेब्रुवारी २०२० चे. बार्न्स अँड नोबल हे पुस्तकविक्रेते आणि पेंग्विन रँडम हाउस यांनी ‘काळ्यांच्या इतिहासाचा महिना’ साजरा करण्यासाठी बारा अभिजात पुस्तकांना नवी मुखपृष्ठे चढविली. ‘फ्रँकेन्स्टाइन’, ‘मोबी डिक’, ‘पीटर पॅन’ अशी पुस्तके. आत एक अक्षर बदललेले नाही, बाहेर मात्र पात्रांना सावळे आणि काळे चेहरे. काळ्या लेखकांची पुस्तके फळीवर आणण्याऐवजी गोऱ्या लेखकांच्या पुस्तकांना काळे मुखवटे घालणे, ही त्या महिन्याची भेट! टीका झाली आणि उपक्रम सुरू होण्यापूर्वीच गुंडाळला गेला.

एका ठिकाणी काळ्या कथेवर गोरा चेहरा, दुसऱ्या ठिकाणी गोऱ्या कथेवर काळा चेहरा. पहिला प्रकार द्वेषाचा आणि दुसरा सद्भावनेचा असे वाटेल. पण दोन्हींत चेहरा हा वर चिकटवावयाचा कागद आहे, माणूस नव्हे. म्हणूनच हे दोन्ही प्रकार ‘मुखपृष्ठाच्या चुका’ म्हणून सोडून देता येत नाहीत. ते स्वतःच रोजचे अपमान आहेत; फक्त कागदावर छापलेले आणि हजारोंच्या संख्येने दुकानात मांडलेले.

मुखपृष्ठ दुरून काम करते, ह्याचाही एक पुरावा ‘सिटिझन’ने दिला. ९ नोव्हेंबर २०१५ रोजी इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे डोनाल्ड ट्रम्प यांची प्रचारसभा होती. त्यांच्या मागच्या रांगांत बसलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणीने भाषण चालू असताना हे पुस्तक उघडून वाचावयास सुरुवात केली. कॅमेरा नेत्यावर होता आणि मागे पांढऱ्या पुठ्ठ्यावरची ती काळी टोपी. शेजाऱ्याने तिला पुस्तक खाली ठेवावयास सांगितले, तिने वाचन सोडले नाही. घोषणा नाही, फलक नाही. शीर्षक वाचता न येणाऱ्यालाही दूरवरून टोपी कळली. चार रंगांचे, पाच माणसांचे, गर्दीचे चित्र असते तर हे झाले असते काय? साधेपणा हा येथे अभिरुचीचा प्रश्न राहत नाही, तो लढ्याच्या उपयोगाचा होतो.

आता आपल्या दाराशी येऊ. हा प्रवास नवा नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तेव्हा अमेरिकेतल्या एका मुखपृष्ठाविषयी आपण बोलावे, ह्यात काही परके नाही. पण तुलना करताना फरकही सांगितला पाहिजे.

मी शिकवितो त्या महाविद्यालयात एकदा दलित आत्मकथने आणि कवितासंग्रह ह्यांच्या जुन्या प्रती टेबलावर ओळीने मांडल्या आणि विद्यार्थ्यांना नुसती मुखपृष्ठे पाहावयास सांगितले. साखळी, झाडू, उगारलेली मूठ, खपाटीला गेलेले पोट, पाठमोरी म्हातारी. एका मुलीने विचारले, “सर, आत लेखक शिकला, लढला, प्राध्यापक झाला, बाहेर तो अजून उपाशीच का?” प्रश्न बिनतोड होता. आतली भाषा नकाराची आणि बाहेरचे चित्र कीव मागणारे. मग मी त्यांना ‘सिटिझन’ दाखविले आणि रिकाम्या टोपीविषयी बोललो. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, “सर, हे त्यांना ठीक आहे. आमचे चेहरे अजून कुठे आले आहेत, की आम्ही ते काढून टाकावेत? आमच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. तो चेहरा आहे म्हणून आम्ही आहोत.”

त्याचे म्हणणे मला अर्धे मान्य आहे आणि ते अर्धे महत्त्वाचे आहे. ज्या समाजाला छायाचित्रच नव्हते, त्याने चेहरा मिरविणे हा विद्रोह असतो. कोट घातलेला, हातात पुस्तक घेतलेला, समोर पाहणारा चेहरा ही आमची पहिली आणि सर्वांत प्रभावी प्रतिमा आहे. तेव्हा रिकाम्या टोपीची नक्कल आपण करू नये. शिकावयाचे ते चित्र नव्हे, चित्रामागचा प्रश्न : आपल्या समाजात अपमान करणारी नजर नेमकी कोठे पडते?

अमेरिकेत ती कातडीवर पडते. आपल्याकडे कातडीवरून जात कळत नाही. म्हणून आपल्याकडचा रोजचा अपमान प्रश्नाच्या रूपाने येतो. ‘पूर्ण नाव काय?’ ‘मूळ गाव कोणते?’ ‘गावात घर कोणत्या बाजूला?’ खोली भाड्याने घेताना, नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी, रेल्वेच्या डब्यात. बाबुराव बागुलांनी १९६३ सालीच ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ह्या कथेत हा पेच मांडून ठेवला आहे. तेथे नायकाने डोक्यावर ओढून घेतलेली टोपी डोळ्यांना न दिसणारी आहे. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. प्राध्यापकांच्या खोलीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझे व्याख्यान ऐकून मनापासून दाद दिली : “तुमचे उच्चार अगदी स्वच्छ आहेत हो, वाटत नाही!” काय वाटत नाही, हे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. पुरे करण्याची गरजही नव्हती. पिअर्स आणि सू ह्यांनी वर्गवारी करण्यापूर्वीही आमच्या आयांना हे अर्धे वाक्य पाठ होते.

आणि म्हणून, मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे सर्वांत बोलके चित्र चित्रकाराने काढलेलेच नसते. ते असते लेखकाचे आडनाव. पुस्तकाच्या दुकानात, ग्रंथालयाच्या काउंटरवर, अभ्यासमंडळाच्या बैठकीत वाचकाची नजर प्रथम तेथे जाते आणि पुस्तक ‘साहित्य’ की ‘दलित साहित्य’, ‘कादंबरी’ की ‘अनुभवकथन’ हे तेथेच ठरून जाते. कोणी आडनाव गाळतो, कोणी वडिलांचे नाव जोडतो, कोणी गावाचे नाव लावतो, कोणी तेच आडनाव ठसठशीत अक्षरांत छापवून घेतो. हे सारे निर्णय मुखपृष्ठाचेच निर्णय आहेत. आपल्या चित्रकारांनी आणि प्रकाशकांनी झाडू आणि साखळी बाजूला ठेवून ह्या अक्षरांकडे पाहिले तर? नाव कोठे ठेवावे, किती मोठे, कशाच्या शेजारी. शीर्षक आणि आडनाव एकमेकांशी भांडतात की हात धरतात. ह्यांत आपल्या अनुभवाचे सारे व्याकरण मांडता येईल. ‘नागरिक’ हा शब्द आणि रिकामी टोपी शेजारी ठेवताच अमेरिकेचा खोटेपणा उघडा पडला. आपला कोणता शब्द कशाशेजारी ठेवला की आपला उघडा पडेल?

ह्यासाठी पैसा लागत नाही. आपल्या चळवळीतली कितीतरी पुस्तके वर्गणी काढून, उधारीवर, एकाच रंगात छापली गेली. टोपीच्या त्या मुखपृष्ठालाही एक वस्तू आणि कोरे पान एवढेच लागले. जे लागते ते म्हणजे लेखक, चित्रकार आणि छापणारा ह्यांनी हस्तलिखित वाचून एकत्र बसणे. बहुतेक ठिकाणी चित्रकाराला शीर्षक आणि ‘दलित आत्मकथन आहे’ एवढेच सांगितले जाते. मग तो बिचारा साखळीच काढणार. ‘लायर’च्या वेळीही हेच झाले. ज्याची कथा त्याला न विचारता चेहरा ठरला.

मुखपृष्ठाविषयी परीक्षण लिहिताना म्हणून चार प्रश्न विचारावेत, असे सुचवितो. हे चित्र पुस्तकातला प्रसंग सांगते की विचार? ते वाचकाला बाहेर उभे राहून हळहळू देते की आत ओढते? पुस्तक वाचून झाल्यावर ते पुन्हा नव्याने वाचावे लागते की पहिल्या नजरेतच संपून जाते? आणि शेवटचा प्रश्न, जो आपल्यासाठी सर्वांत मोलाचा आहे : ज्याच्याविषयी हे पुस्तक आहे, तो माणूस हे मुखपृष्ठ हातात धरून, ताठ मानेने, भर सभेत बसू शकेल काय? स्प्रिंगफील्डची ती मुलगी बसली होती. आपली पुस्तके हाती घेऊन बसणाऱ्या मुलामुलींच्या हातात आपण काय देतो आहोत, ते ह्यापुढे परीक्षणाच्या शेवटच्या ओळीत उरकून चालणार नाही.